भिशी, भाकरी आणि भाडं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या मायामी शहरातल्या 'लिटल हैती' वस्तीवर लेख आला होता. हैती या कॅरिबियन देशातून आलेली माणसं परक्या शहरात छोटी दुकानं कशी उभी करतात, हा त्याचा विषय. त्यावर आलेली निम्मी पत्रं मायामीबद्दल होती. उरलेली निम्मी इथली होती: घाटावरून, बेळगाव-कारवारकडून, कोकणातून गोव्यात पोट भरायला आलेल्यांच्या धंद्याबद्दल. प्रश्न वाचताना दोन्हींतला फरक फारसा जाणवत नाही, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत. काही पत्रं लांब होती, ती इथे थोडक्यात छापली आहेत.

लेखात हैतियन लोकांच्या 'सोल' नावाच्या भिशीचा उल्लेख होता. बायण्याला आमची बारा बायकांची महिना दोन हजारांची भिशी आहे. आता एक नवी बाई यायला मागते. तिला गाडा घालायचाय, म्हणून पहिलीच उचल हवी म्हणते. बाई चांगली वाटते. द्यावी का?
— बचत गटातली एक सदस्य, वास्को

पहिली उचल देऊ नका. सहाव्या नंबराच्या आधी तर नाहीच. सहा हा आकडा तुमच्याच भिशीच्या हिशोबातून निघतो.

कोणाची तरी जागा घेऊन ती आली, म्हणजे बारा जणी कायम राहिल्या, असं धरू. उचल झाली २४,००० रुपयांची. हप्त्याबरोबर प्रत्येकीकडून महिना १०० रुपये वेगळे घ्या आणि ते राखीव ठेवा, वर्ष संपलं की परत. आता समजा एकीने तिसऱ्या महिन्यात उचल घेतली आणि गाव गाठलं. तिचे नऊ हप्ते, म्हणजे १८,००० रुपये बुडाले. राखीव किती जमतो? पहिल्या तीन महिन्यांचे ३,६०० आणि पुढच्या नऊ महिन्यांत उरलेल्या अकरा जणींचे ९,९००, मिळून १३,५००. साडेचार हजारांची तूट पडली. पाचव्या महिन्यात उचल घेऊन गेली तर तूट ३०० वर येते. सहाव्यात गेली तर बुडतात १२,००० आणि राखीव असतो १३,८००. भिशी तरते, कोणाची उचल अडत नाही; वर्षअखेरीला राखीव तेवढा जवळजवळ संपलेला असतो. म्हणून नव्या माणसाला सहावा किंवा त्यापुढचा नंबर. बाई चांगली आहे की वाईट, हा प्रश्नच मग उरत नाही आणि तिचा अपमानही होत नाही.

पहिले पाच नंबर जुन्या सदस्यांना, तेही प्रत्येकीमागे एक जामीन धरून. जामीन राहणारीचा स्वतःचा नंबर तिच्या नंतरचा असावा. स्वतःची उचल आधीच खर्चून बसलेली बाई जामीन राहिली काय आणि न राहिली काय.

सोलचा गाभा हाच आहे. ती चालवणारीला 'मानमान सोल' म्हणतात, म्हणजे सोलची आई. हप्ता बहुधा पगाराच्या दिवसाला बांधलेला असतो, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. यात एक शहाणपण आहे जे आपण महिन्याच्या भिशीत हरवून बसलो. रोजच्या गल्ल्यावर जगणाऱ्या बाईकडे महिनाअखेरीला दोन हजार एकरकमी उरत नाहीत. आठवड्याला ५०० मात्र निघतात. गाडेवाल्या, मासळीवाल्या, फुलं विकणाऱ्या असतील तर ५०० ची आठवडी भिशी करा: बारा आठवड्यांत फेरी पूर्ण, उचल ६,००० ची, आणि पळालीच कोणी तर नुकसानही त्या मानाने लहान. मोठी उचल हवी असेल तर फेरी लांबवण्यापेक्षा दुसऱ्या फेरीत हप्ता वाढवावा. वर्षापेक्षा लांब भिश्या आठव्या-नवव्या महिन्याला रखडू लागतात, कारण ज्यांची उचल होऊन गेली त्यांना हप्ता आता दंडासारखा वाटतो.

मोडणाऱ्या भिश्यांत आणखी एक दोष हटकून असतो. चालवणारी हप्ते स्वतःच्या पिशवीत ठेवते आणि घरचा सिलिंडर त्यातून येतो. यात लबाडी असतेच असं नाही, पण उचल दोन दिवस लांबते, आणि दोन दिवस लांबलेली उचल सगळ्या बाजारात कळते. उपाय साधा आहे. पैसे चालवणारीकडे येऊच देऊ नका. ज्या महिन्यात जिची पाळी, तिच्या खात्यावर सगळ्यांनी यूपीआयने परस्पर पाठवायचे आणि शेऱ्यात 'भिशी ऑक्टोबर' असं लिहायचं. चालवणारी फक्त वही सांभाळते. राखीव रक्कम दोघींच्या सहीने चालणाऱ्या बचत खात्यात ठेवावी.

परस्पर पाठवण्याचा दुसरा फायदा पुढे कर्ज मागताना कळतो. बँक भिशीला उत्पन्न मानत नाही, पण महिन्याच्या महिन्याला न चुकता गेलेली रक्कम पासबुकात दिसते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मिशन अॅसेट फंड या संस्थेने हेच सूत्र पुढे नेलं. स्थलांतरितांच्या भिशीला त्यांनी बिनव्याजी कर्जाचं कागदी रूप दिलं, सदस्यांकडून वचनचिठ्ठी घेतली आणि प्रत्येक हप्त्याची नोंद पतनोंदणी संस्थांकडे पाठवायला सुरुवात केली. ज्या माणसाचा पत-इतिहास कोरा होता त्याचा तो भिशीतूनच तयार होऊ लागला. विश्वास पूर्वीही होता. बँकेला वाचता येईल असा तो कुठे लिहिलेला नव्हता, इतकंच.

कायद्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. सगळ्यांना पाळीपाळीने रक्कम मिळते आणि उचल घेतल्यावरही पुढचे हप्ते भरायचेच असतात, अशी साधी भिशी १९८२ च्या चिटफंड कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. पण लिलाव आला (देवळातल्या पावणीसारखी बोली लावून कमी रकमेला उचल घेणं), चालवणारीचं कमिशन आलं, अनोळखी माणसं आली, की तुम्ही त्या कायद्याच्या अंगणात पाऊल टाकलं. लिलावाची भिशी करूच नका.

मी झुआरीनगरला राहते, मूळ गाव बेळगाव जिल्ह्यात. कामगारांना आणि दोन खानावळींना ज्वारीच्या भाकऱ्या देते, रोज साधारण पन्नास. दहा रुपयाला एक. पीठ पाच रुपयांचंही लागत नाही, तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. कुठे गळतंय?
— एक वाचक, झुआरीनगर

कुठेही गळत नाही, भाव चुकलाय. तुम्ही पिठाचा हिशोब केला, भाकरीचा नाही.

पन्नास भाकऱ्यांचा एक दिवस मांडू. भाव उदाहरणापुरते धरले आहेत, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरलं तर पावणेचार किलो, थापताना लागणारं पाव किलो, असं चार किलो. ६० रुपये किलोने २४० रुपये. दोन शेगड्यांवर पन्नास भाकऱ्यांना दोन तास लागतात. मध्यम शेगडी तासाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम. व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने ६५ रुपये धरू. कागद, पिशव्या ४०. पोचवायचं पेट्रोल ६०. आणि तुमचे अडीच तास, तासाला ८० रुपयांनी २००. एकूण ६०५.

पन्नासातल्या पाच रोज उरतात किंवा मोडतात असं धरलं तर विकल्या जातात ४५. भाकरीला पडले १३ रुपये ४४ पैसे. दहाला विकता तेव्हा प्रत्येक भाकरीमागे साडेतीन रुपये पदरचे जातात, आणि ते जातात तुमच्या मजुरीतून. म्हणून तर कळत नाही. पंधराला विकलीत तर मजुरी सुटून दिवसाला ७० रुपये वर राहतात. ते फार नाहीत, पण तो नफा आहे.

एकदम पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक बिचकेल. आधी खानावळींशी बोला. त्यांना भाकरी वेळेवर हवी असते. भाकरीवाली न आल्यामुळे दुपारचं ताट अडणं त्यांना पाच रुपयांपेक्षा महाग पडतं. आदल्या रात्री आठपर्यंत आकडा कळवायचा आणि कळवलेल्या भाकऱ्यांचे पैसे द्यायचेच, एवढी अट घातलीत तरी उरणाऱ्या पाच भाकऱ्यांपैकी बहुतेक वाचतात. त्या पाच वाचल्या तर भाव न वाढवताही ५० रुपये सुटतात. कामगारांना भाकरीबरोबर झुणका किंवा ठेचा देऊन जोडभाव ठेवा. नुसत्या भाकरीचा भाव सगळे तोंडपाठ धरतात, जोडीचा धरत नाहीत.

भाकऱ्या मोडतात त्याचं कारण बहुधा पीठ. दळून आठ-दहा दिवस झालेलं ज्वारीचं पीठ चिकटपणा सोडतं आणि कडा फाटतात. चार दिवसांपुरतंच दळून आणा. दुसरं, गरम भाकरी थेट प्लास्टिकात घालू नका, घाम सुटून खालच्या दोन लिबलिबीत होतात. आधी सुती कापडात गुंडाळून वाफ जाऊ द्या, मग कागद.

घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरत असाल तर थांबवा. नियमाने तो चालत नाही, आणि सिलिंडर जप्त झाला की दोन दिवसांची गिऱ्हाइकं हातची जातात. अन्न नोंदणीही करून घ्या. छोट्या धंद्याला परवाना लागत नाही, एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते. तिचा चौदा आकडी क्रमांक बिलावर असला की खानावळीलाही तपासणीत तोंड द्यायला बरं पडतं. मग ती तुम्हाला सहजी बदलत नाही.

माझी मुलगी मायामीत एका सेवाभावी संस्थेत काम करते. हैतियन बायकांना घरगुती खाद्यपदार्थांचे धंदे उभे करून द्यायचेत. ती मला विचारते, 'आई, तुमच्या बचत गटात हे कसं करता?' तिला काय सांगू? आणि तिकडचं काय बघावं लागेल?
— एक आई, फोंडा

आपल्याकडचं एवढंच सांगा: दहा ते वीस बायकांचा गट, ठरलेल्या दिवशी बैठक, बैठकीतच बचत, बैठकीतच आपसांत कर्ज, बैठकीतच परतफेड, आणि हे सगळं त्याच वेळी वहीत. बँक जोडणीचा हा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला. तो टिकला तो रकमेमुळे नव्हे. बँकेला सहा महिन्यांची वही दाखवता येत होती म्हणून टिकला. तुमच्या मुलीनेही पहिले सहा महिने कर्जाचं नाव काढू नये. वही भरू द्यावी.

बाकी सगळं तिकडचं. तिथे पहिली ठेच लागते ती पदार्थ निवडताना. फ्लोरिडात, म्हणजे मायामी ज्या राज्यात आहे तिथे, घरच्या स्वयंपाकघरातून विनापरवाना विकायची मुभा आहे आणि वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतची विक्री तीत बसते. पण ही मुभा बाहेर ठेवून न नासणाऱ्या पदार्थांनाच आहे. हैतियन स्वयंपाकातले दोन हमखास विकले जाणारे पदार्थ नेमके बाहेर पडतात. मांस भरलेली 'पाते' ही पुडाची पॅटिस चालत नाही. 'पिकलीज' म्हणजे कोबी, गाजर आणि जहाल मिरची व्हिनेगरमध्ये मुरवलेलं लोणचं. तेही बरणीबंद लोणच्यांच्या गटात मोडतं, म्हणून चालत नाही. व्हिनेगर आहे म्हणजे टिकणारच, हा आपल्याही आयाबायांचा समज. पण भाजीच्या आतपर्यंत आंबटपणा पोचला नाही आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर राहिला, तर बंद बरणीत बोटुलिझमचे जंतू विष करू शकतात. म्हणून त्याला तपासलेली कृती आणि परवान्याचं स्वयंपाकघर लागतं.

घरून चालेल ते काय? 'ताब्लेत', म्हणजे शेंगदाण्याची चिक्कीच म्हणा ना. कोरडे बेक केलेले पदार्थ. लेबलावर घटक, वजन, शेंगदाण्यासारख्या ॲलर्जीच्या पदार्थांचा उल्लेख आणि हा माल राज्याच्या अन्नसुरक्षा नियमांखाली न येणाऱ्या घरगुती उद्योगात तयार झाला आहे हे ठराविक वाक्य छापावं लागतं. विक्री थेट गिऱ्हाइकाला करायची, दुकानदाराला घाऊक द्यायची नाही. इथे बायका फसतात: ओळखीच्या दुकानदाराने वीस पाकिटं ठेवून घेतली की नियम मोडला. म्हणून सुरुवात चिक्कीने करावी, आणि पाते-पिकलीजसाठी चार-पाच जणींनी मिळून परवाना असलेलं सामायिक स्वयंपाकघर तासावर भाड्याने घ्यावं. पहाटेचे तास स्वस्त पडतात. पातेची विक्रीही सकाळचीच.

मग कागद. धंद्याचा कर क्रमांक, ज्याला तिकडे ईआयएन म्हणतात, सरकारकडून फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ अर्जावर आयटीआयएन हा वैयक्तिक कर क्रमांक घेता येतो. त्याने कर भरता येतो, काम करण्याची परवानगी मिळत नाही. हा फरक पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावा. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदवायला फ्लोरिडात १२५ डॉलर लागतात. दरवर्षी १ मेपर्यंत १३८ डॉलर ७५ सेंट भरून वार्षिक अहवाल द्यायचा असतो आणि चुकला की ४०० डॉलर दंड. चिक्की विकणाऱ्या बाईचा दोन महिन्यांचा नफा तेवढ्यात जातो. एकटीचा छोटा धंदा असेल तर एलएलसीची घाई कशाला? सामायिक स्वयंपाकघर घेताना, भागीदारी करताना ती करावी.

कर्जासाठी मोठ्या बँकेआधी समुदाय विकास वित्तसंस्थांकडे जावं. अमेरिकेच्या अर्थखात्याची मान्यता असलेल्या या संस्था पतगुणांबरोबर माणसाची वहीही बघतात. पण एक अडचण त्यांनाही ओलांडता येत नाही. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या अनेकांना अमेरिकेत तात्पुरता संरक्षित दर्जा मिळाला. तो मुदतीचा असतो, सरकारी आदेशांनी आणि कोर्टाच्या निकालांनी वाढतो किंवा संपतो. चार महिन्यांनी मुदत संपणाऱ्या माणसाला चार वर्षांचं कर्ज कोण देईल? म्हणून अशांना छोटी, वर्षाच्या आत फिटणारी कर्जंच सुचवावीत, आणि भांडीकुंडी घ्यावीत ती विकता येतील अशी.

या वस्त्यांत 'मल्टिसर्व्हिस' नावाची दुकानं असतात: पैसे पाठवणं, करअर्ज, झेरॉक्स, हैतीला माल पाठवणं, सगळं एका टेबलावर. आपल्या सेवा केंद्रांसारखीच. धंदा चांगला आहे, पण दुकानदार इमिग्रेशनचे अर्ज 'भरून देतो' म्हणू लागला की धोका. वकील किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधी नसताना कोणता अर्ज करावा असा सल्ला पैसे घेऊन देणं तिथे गुन्हा आहे, आणि चुकीच्या अर्जाचं फळ गिऱ्हाइकाला भोगावं लागतं. तिथल्या नोटरीला वकिलाचे अधिकार नसतात. तुमच्या मुलीने असं दुकान उभं करून देताना दारावरच तशी पाटी लावायला सांगावी.

गडहिंग्लजहून येऊन म्हापशात भाजी-पावाचा गाडा लावतो. गोव्याचा रहिवासी दाखला नाही. सरकारी कर्ज मिळेल का? की दाखला होईपर्यंत वाट बघू?
— एक गाडेवाला, म्हापसा

राज्याच्या योजनांना रहिवासाच्या वर्षांची अट असते, तिथे वेळ घालवू नका. केंद्राच्या पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या कर्जयोजनेला अशी अट नाही. तिथे तुमचं राहणं बघत नाहीत, गाडा बघतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली पालिकेच्या सर्वेक्षणात नाव असेल तर विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र दाखवा. सर्वेक्षणात सुटला असाल तर पालिकेकडून शिफारसपत्र मागा. अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी विचारणाऱ्याला 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच उत्तर मिळतं. सोबत एकाच जागी धंदा चालल्याचे पुरावे जोडा: पालिकेच्या सोपोच्या (बाजारात बसण्याच्या कराच्या) पावत्या, पाववाल्याची किंवा तेलाची बिलं, क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचं विवरण. सोपोची पावती बरेच जण चहाच्या कपाखाली घालून फेकतात. एक साधी वही आणून त्या पावत्या तीत तारखेवार चिकटवा.

२०२५ च्या फेररचनेनंतर पहिलं कर्ज १५,००० चं, बारा महिन्यांचं. ते फेडलं की २५,००० चं अठरा महिन्यांचं, मग ५०,००० चं छत्तीस महिन्यांचं. तारण नाही, आणि वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान खात्यावर परत येतं. पहिल्या कर्जाचा मुद्दलाचा हप्ता महिन्याला १,२५० पडतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात गाडा निम्मे दिवस बंद राहतो, तेव्हाही तो भरता येईल का, हे आधी बघा. आमच्या मते कर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उचलावं, म्हणजे पहिले सात-आठ हप्ते हंगामात जातात. आणि त्यातून गाड्याचं छत रंगवू नका. घाऊक तेल, कडधान्य, एखादी मोठी कढई, म्हणजे ज्याने रोजचा खर्च उतरेल किंवा रोजची विक्री वाढेल, तेवढंच घ्या.

अर्जात आधार गडहिंग्लजचं आणि मोबाइल दुसऱ्याच्या नावावरचा, या जोडीने बरेच अर्ज अडकतात, कारण ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे जातो. आधी आधारला स्वतःचा नंबर जोडा. घरमालकाने पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी केली आहे का तेही विचारा. तिची प्रत पत्त्याचा आधार म्हणून इतरत्रही दाखवता येते.

पर्वरीला माझं शिवणकामाचं दुकान आहे, भाड्याचं. अकरा महिन्यांचा करार दरवेळी नवा होतो. इमारत विकणार अशी कुणकुण आहे. लिटल हैतीतल्या दुकानदारांचंही असंच झालं म्हणता. काय करावं?
— एक शिवणकामवाली, पर्वरी

लिटल हैतीतलं दुखणं नेमकं हेच. मायामीचा हा भाग समुद्राजवळच्या वस्त्यांपेक्षा उंचावर आहे. पुराची भीती वाढली तशी पैसेवाल्यांची नजर तिकडे वळली. २०१६ साली पालिकेने वस्तीला अधिकृतपणे 'लिटल हैती' नाव दिलं. पण नाव पाटीवर आलं तरी जागा भाड्याचीच राहिली. २०१९ मध्ये तिथल्या मोठ्या बांधकाम प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा विकासकांनी वस्तीसाठी ३ कोटी १० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. महिन्या-महिन्याच्या तोंडी करारावर बसलेल्या दुकानदाराला असा निधी जागा मिळवून देत नाही.

मालक बदलला तरी करार टिकावा असं वाटत असेल तर अकरा महिन्यांची लीव्ह अँड लायसन्स कामाची नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करा आणि तो निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठीच अकरा महिन्यांची पद्धत पडली. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवलीत तर मालकाचा विरोध बराच मावळतो. तीन वर्षं मागा. दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत लिहून घ्या. 'बाजारभावाप्रमाणे' हा शब्द दिसला तर खोडायला लावा. विक्री झाल्यास किमान चार महिन्यांची नोटीस, अनामत किती दिवसांत परत, आणि तुम्ही बसवलेले पंखे, आरसे, कटिंगचं टेबल तुमचंच, हेही लिहून घ्या. मालक विवाहित असेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे मालमत्ता बहुधा नवरा-बायको दोघांची असते. दोघांच्याही सह्या हव्यात. एकाच्या सहीचा करार पुढे भांडणात लंगडा पडतो.

मालक ऐकतच नसेल तर धंदा जागेपासून सोडवायला लागा. मापांची वही ही तुमची खरी मालमत्ता. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, फोन, माप, तारीख असं लिहिलेलं असेल तर दुकान दोन गल्ल्या सरकलं तरी गिऱ्हाईक सापडतं. चवथीच्या आधी, कपड्यांची गर्दी असते तेव्हा, नवा फोन नंबर प्रत्येक पिशवीत घाला.

दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी? आमच्या गल्लीत कन्नड, हिंदी, कोंकणी, मराठी सगळंच चालतं.
— एक वाचक, कुडचडे

नाव कोणत्याही भाषेत चालेल, भाव आणि वजन मात्र मोठ्या आकड्यांत लिहा. आकडे सगळ्यांना वाचता येतात. हैतीत फ्रेंच आणि क्रेयोल दोन्ही अधिकृत, १९८७ च्या घटनेपासून, पण घराघरात बोलली जाते क्रेयोल. मायामीत फ्रेंच पत्रकं वाटून काम भागलं असं समजणाऱ्यांकडे दुकानदार फिरकत नाहीत. नियम समजवायचे तर त्या माणसाच्या भाषेत दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवा. लिहिलेल्या चार पानांपेक्षा तो ऐकला जातो.

आईचं किराणा दुकान आहे, गिऱ्हाईक सगळं आमच्याच गावाकडचं. उधारी साठ हजारांवर गेली. आपल्या माणसांना नाही कसं म्हणायचं?
— एक वाचक, डिचोली

नाही म्हणू नका, मर्यादा घाला. किराण्यात साधारण दहा टक्के सुटतात असं धरलं तर बुडालेले हजार रुपये भरून काढायला दहा हजारांचा माल विकावा लागतो. साठ हजार बुडाले तर सहा लाखांचा. हा आकडा आईला एकदा कागदावर दाखवा.

आजपासून जुनी उधारी वेगळ्या वहीत बंद करा आणि तीत नवं काही लिहू नका. प्रत्येक घराशी बोलून जुन्या बाकीचा आठवड्याला ठरावीक हप्ता बांधा, दोनशे का असेना. नवी उधारी फक्त त्या घराला, ज्याचा हप्ता चालू आहे, आणि ती एका आठवड्याच्या मालापुरती. म्हणजे तांदूळ, तेल, डाळ. सिगारेट, थंड पेयं, मोबाइल रिचार्ज रोखीनेच, कारण रिचार्जमध्ये सुटतं अगदी थोडं आणि पैसे मात्र लगेच भरावे लागतात. हप्ता पगाराच्या संध्याकाळी मागा, दुसऱ्या दिवशी नाही. ठेकेदार शनिवारी पैसे देतो, मग रविवारी मागून काय मिळणार?

लिहिताना गिऱ्हाइकाकडेही एक छोटी वही द्या आणि दोन्हीकडे त्याच्यासमोरच नोंद करा. अर्धी भांडणं 'मी तर दिले होते' यावर होतात. जो घर बदलून गावी जातोय असं कळतं, त्याचा हिशोब सामान बांधायच्या आधी मिटवा. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, बांधकामावरचे लोक परततात. मेच्या पहिल्या आठवड्यातच वही घेऊन बसा. आणि गिऱ्हाईक सगळंच एका गावचं असणं हाच मुळात धोका आहे. ते गाव एकाच ठेकेदाराकडे कामाला असेल तर ठेकेदाराचं बिल अडकलं की तुमचं दुकान अडकतं. शेजारच्या शाळेची, देवळाची, दोन चहावाल्यांची रोजची गरज काय आहे ते विचारून या. रोखीने घेणारं एक पंचमांश गिऱ्हाईक जरी बाहेरचं मिळालं, तरी घाऊक व्यापाऱ्याला वेळेवर पैसे देता येतात आणि तो रोखीचा भाव लावतो.